सव्वा लाखात होडी: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

वाचकाचं पत्र:

«मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. आमच्या शेताचा खालचा बांध हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. दिवाळीत पाणी बांधापर्यंत असतं, पक्षी येतात, पोरं काठावरून हलत नाहीत. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, दोन पोरं (११ आणि ७ वर्षांची) आणि वडील. एक होडी घ्यावी असं फार दिवसांपासून मनात आहे. सव्वा लाख बाजूला काढलेत. चार पर्याय बघितले. ऑनलाइन मिळणारी हवेची होडी ३८ हजारांना, तिच्यावर ‹पाच माणसं› लिहिलंय. दोघांची प्लॅस्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, ४५ हजारांना. एक कारखानदार १२ फुटी फायबरची होडी ९० हजारांत नवी बांधून देतो म्हणतो. आणि बंद पडलेल्या एका बोट क्लबची १४ फुटी जुनी होडी, मोटरसकट १ लाख १० हजारांना. ताजा रंग दिलेला आहे, गाद्या आहेत, वर छत आहे. माझं मन त्या जुन्या मोठ्या होडीवर बसलंय. पुतण्या म्हणतो हीच घ्या काका, रविवारी चांगदेवला येणाऱ्या लोकांना फिरवू आणि पैसे वसूल करू. काय करावं?»

नमस्कार भाऊ,

आधी उत्तर देतो, मग कारणं. जुनी मोठी होडी घेऊ नका. हवेची तर तुमच्या काठावर नकोच. १२ फुटी नवी होडी बांधून घ्या, पण खाली लिहितोय त्या अटी कारखानदाराला घालून, आणि पहिलं वर्ष मोटरशिवाय काढा. पाचही जणांना एका वेळी नेणारी आणि नीट बांधलेली होडी सव्वा लाखात मिळत नाही, हे मात्र आत्ताच मान्य करा. तुम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागतील.

स्वस्त होडी स्वस्त का असते, ते आधी पाहू. फायबर असो, प्लॅस्टिक असो की रबर, कच्च्या मालाचा भाव सगळ्या कारखानदारांना जवळपास सारखाच पडतो. मग ज्याला भाव खाली आणायचा तो माल कमी वापरतो किंवा मेहनत कमी करतो, आणि ही काटकसर तो गिऱ्हाइकाची नजर पोचणार नाही तिथे करतो. रंग, गाद्या, छत, कप ठेवायच्या खळग्या यांवर खर्च थोडा होतो आणि गिऱ्हाईक त्यांनाच भुलतं. तळाची जाडी, मोटर जिला लागते त्या मागच्या फळीतलं लाकूड, बाकांखालचा फोम, वरच्या-खालच्या भागाचा सांधा यांवर खरा खर्च होतो आणि ते सगळं झाकलेलं असतं. कमी पैशात होडी घेणाऱ्याने दिसणारं सगळं सोडून द्यावं आणि झाकलेल्याचा हट्ट धरावा. मी जे जे सांगणार आहे ते यातूनच येतं.

दुसरं असं की होड्यांबद्दलचा बहुतेक सल्ला समुद्र डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. खारं पाणी, गंज, ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील, तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून महागडा रंग. तापीच्या गोड्या पाण्यात यातलं फारसं काही लागत नाही. ३०४ नंबरचं स्टेनलेस तुमच्याकडे वर्षानुवर्षं टिकेल, तेवढे पैसे वाचवा. आपल्याकडे होडीची वाट लावतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि तुमची होडी वर्षातला बहुतेक काळ काठावर पडून असणार. दुसरी, काटे. वेडी बाभूळ आपल्या प्रत्येक धरणाच्या काठावर माजलेली आहे. तिसरी, पाण्याखालची खुंटं, जुने बांध आणि दगड. पाणी उतरत जातं तसतसे ते वर येतात, आणि कालपर्यंत मोकळी असलेली वाट आज तळाला घासते. होडी घेताना या तिघांना पुरून उरेल अशी घ्यायची.

हवेच्या होडीला मी नाही का म्हणालो ते आता ध्यानात येईल. चांगल्या हवेच्या होड्या असतात. त्यांचं कापड पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेलं असतं, जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, सांधे गरम हवेने वितळवून जोडलेले. त्या ३८ हजारांत येत नाहीत. या किमतीला बहुधा साधं व्हिनाइल मिळतं, आत विण नसलेलं. दुकानात बघायला मिळाली तर कापड उजेडासमोर धरा. धाग्यांची जाळी दिसली नाही आणि अंगठ्याने दाबून ताणलं तर वाढलं, तर तिचा विचार सोडा. सांधे नुसते गोंदाने चिकटवलेले असतील तर आपल्या उन्हात तो गोंद सैल पडतो आणि कडेने हवा जायला लागते.

उन्हाचा आणखी एक हिशोब आहे, तो विकणारा सांगत नाही. जाड कापडाच्या होडीत हवा साधारण ३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात. सकाळी ३० अंशांना भरलेली होडी दुपारी काठावर राहिली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३ वरून पावणेपाचच्या घरात जातो. कापड थोडं ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी भरेल, पण सांध्यांवरचा ताण दीडपटीच्या आसपास होतो. गडद रंगाच्या होडीत हे लवकर घडतं. म्हणून हवेची होडी ज्याच्याकडे आहे त्याने पाण्याबाहेर काढल्याबरोबर थोडी हवा सोडावी, आणि परत पाण्यात घालताना भरून घ्यावी, कारण गार पाण्यात ती पुन्हा मऊ पडते. तुम्ही हे सगळं पाळाल, पण बाभळीचा काटा थांबणार नाही. शिवाय मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की हलकी होडी वल्ह्यांना जुमानत नाही, वारा नेईल तिकडे जाते. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा कसा सुटतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

कयाक मात्र तुमच्या यादीतली प्रामाणिक वस्तू आहे. ती पॉलिथिनची, रोटोमोल्डिंगने बनवलेली असते. गच्चीवरची पाण्याची टाकी बनते त्याच पद्धतीने: साच्यात प्लॅस्टिकची भुकटी टाकून साचा तापवत फिरवायचा. सांधा नाही, लाकूड नाही, कुजायला काही नाही. दगडावर घासली तर ओरखडा पडतो आणि काम चालू राहतं. घेताना कोपरे आणि तळाची कड बघा, कारण भुकटी नीट पसरली नाही तर तिथेच पातळ राहते. फिक्या रंगाची असेल तर आतून बॅटरीचा उजेड मारा, पातळ जागा जास्त उजळ दिसते. प्लॅस्टिकमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा घटक मिसळलाय का ते लेखी विचारा, नाहीतर काही उन्हाळ्यांत ती ठिसूळ होईल. तळावर न ठेवता बाजूवर टेकवा किंवा रुंद पट्ट्यांवर ठेवा. दोन अरुंद दगडांवर उन्हात ठेवलेली कयाक तिथे खचते आणि तळाला पोक येतो. चीर पडली तर गोंद चालत नाही, पॉलिथिनला काहीच चिकटत नाही, वेल्डिंगच करावं लागतं. पण पाईप आणि चटयांच्या कारखान्यांमुळे जळगावात प्लॅस्टिकचं काम जाणणाऱ्यांची वाण नाही, ती सोय आपल्याला आहे.

तुम्ही दोघं नवरा-बायको असता तर मी कयाकच घ्या म्हणालो असतो. सात वर्षांचं पोर आणि वडील यांच्यासाठी ती बरोबर नाही. वडिलांना त्यात बसायला-उठायला जमणार नाही.

आता माणसांचा हिशोब, कारण चारही पर्यायांत तुम्ही पाच हा आकडा धरून चाललात. लहान होडीसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक सोपा नियम आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, आणि त्याला १५ ने भागायचं. उत्तर म्हणजे माणसं, प्रत्येकी साधारण ६८ किलोची. तुमची १२ फुटी होडी साडेचार फूट रुंद असेल तर ५४ भागिले १५ म्हणजे ३.६. अपूर्णांक सोडायचा. तीन माणसं. हा आकडा शांत पाण्यातला आहे, लाटा असतील तर त्याहून कमी. हवेच्या होडीवर पाच लिहिलेलं असलं तरी फुगलेल्या नळ्यांनी रुंदीतली बरीच जागा खाल्लेली असते. युरोपच्या प्रमाणपत्रात अशा बहुतेक होड्या ‹ड› वर्गात येतात, म्हणजे आडोशाचं पाणी आणि जेमतेम ३० सेंटिमीटरच्या लाटा. २०१९ च्या संक्रांतीला नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, नर्मदेत नाव उलटून माणसं गेली. नावेत झेपतील त्याहून जास्त लोक होते. सणाच्या दिवशी, घरच्या माणसांसोबत, ‹अजून एक बसेल की› असं म्हणतच हे होतं. तुमच्या घरात हा नियम आधीच ठरलेला असू द्या: एका वेळी तुम्ही, एक मोठं माणूस आणि एक पोर.

जुन्या होडीकडे वळतो. तुमचं मन तिच्यावर का बसलं ते मला कळतं. ती मोठी आहे, लगेच मिळते, मोटरही आहे. पण तुम्ही लिहिलेल्या एका ओळीने मी सावध झालो: ताजा रंग. बाहेरून रंग दिला तर समजू शकतो. आतून, बाकांखाली, मागच्या फळीवरही ताजा रंग असेल तर त्याखाली काहीतरी झाकलेलं आहे असं धरूनच चालायचं. फायबरचे तडे, ओली फळी, दुरुस्तीचे पोचारे सगळं एका डब्यात झाकलं जातं. वर छत बसवलंय. लहान होडीवर छत म्हणजे वजन वर जातं आणि वाऱ्याला धरायला जागा मिळते, होडी जास्त डोलते. आणि जुनी मोटर विकणारा ती काठावर बादलीत सुरू करून दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. तासभर भार ओढल्यावर ती काय करते तेच महत्त्वाचं.

तरीही एकदा बघून यायचं असेल तर एवढं करा. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन तळभर आणि मागच्या फळीवर ठोकत जा. चांगला फायबर टणक, मोकळा आवाज देतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड भिजलं असेल तर आवाज बद्द होतो, कानाला लगेच फरक कळतो. मोटर धरून मागेपुढे जोर लावा आणि फळीकडे बघा, ती वाकता कामा नये. बाकांच्या बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पसरलेत का बघा. पायाने तळ दाबा, लचकला तर आतले आधार सुटलेत. मग वजन करा. फायबरची होडी रिकामी असताना तिच्या आकाराच्या मानाने फारच जड लागली तर तळातल्या फोमने पाणी प्यायलंय, आणि ते पाणी पुन्हा बाहेर निघत नाही. शेवटी पाण्यात घालून, वाळूच्या गोण्या टाकून दोन तास ठेवा आणि तळाशी किती पाणी साचतं ते पाहा. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला नको म्हणाला तर परत या. मागच्या फळीतलं लाकूड कुजलेलं निघालं तर ती कापून नवी बांधायला येणारा खर्च त्या होडीच्या निम्म्या किमतीला सहज भिडतो.

आता जिचा मी आग्रह धरतोय ती नवी १२ फुटी. इथे वेळ घालवा.

पहिली गोष्ट किमतीची. ९० हजारांत कर धरलाय का ते आजच फोन करून विचारा. सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या आणि खेळाच्या होड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे. कर वेगळा असेल तर ९० चे १ लाख २६ हजार होतात आणि तुमचे पैसे तिथेच संपतात. काही जण मासेमारीची नाव म्हणून बिल करून देतो, ५ टक्क्यांत काम होईल, असं सुचवतील. त्या भानगडीत पडू नका. उद्या विम्याचा किंवा अपघाताचा प्रश्न आला की ते खोटं बिल तुमच्याच अंगावर येतं. कर वेगळा निघाला तर रक्कम वाढेपर्यंत एक हंगाम थांबा, पण थर कमी करून भाव खाली आणायला सांगू नका.

दुसरी गोष्ट, कधी बांधून घ्यायची. हे जवळपास कोणी विचारत नाही आणि खान्देशात याने फार फरक पडतो. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की ते तापत तापत घट्ट होतं. मे महिन्यात ४३ अंशांच्या शेडमध्ये हे इतक्या घाईने होतं की कामगाराला रोलर फिरवून मॅटमधली हवा काढायला वेळ मिळत नाही. बुडबुडे आत राहतात आणि पुढे तिथेच थर सुटतो. घाई टाळायला कोणी हार्डनर फारच कमी टाकला तर रेझिन नीट पक्कं होत नाही. पावसाळ्यात मॅट ओलावा धरते, तेही वाईट. म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी याच दिवसांत बांधून घ्या. कारखानदार म्हणेल मेमध्ये काम कमी असतं, पाच हजार कमी करतो. ते पाच हजार घेऊ नका.

तिसरी, जाडी. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर हाताने घातला की साधारण एक मिलिमीटर होतो. तुमच्या खुंटांच्या आणि दगडांच्या पाण्यासाठी बाजूंना किमान चार आणि तळाला पाच-सहा थर मागा. मधल्या एखाद्या थराला विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंचं जाड विणलेलं कापड, घातलं तर आणखी चांगलं, त्याने धक्का सोसायची ताकद वाढते. आणि मॅट हाताने अंथरलेली असावी. गनने फवारलेला फायबर चांगल्या कारागिराच्या हातात ठीक असतो, पण जाडी कुठे दोन तर कुठे सहा मिलिमीटर होऊ शकते आणि ते बाहेरून कळत नाही. पडताळा घेणं सोपं आहे: तळाला पाणी सोडायचं बूच असतं, त्याचं भोक पाडताना निघालेली चकती मागून घ्या. ती तुमच्या होडीचाच तुकडा आहे. किती जाड आहे, थर एकजीव आहेत का, मध्ये पांढरे कोरडे तंतू दिसतात का, सगळं तिच्यात दिसतं. जोडीला वजन करा. चार मिलिमीटरचा फायबर चौरस मीटरला साधारण सहा किलो भरतो, त्यामुळे १२ फुटी होडी बाकांसकट ७०-८० किलोच्या खाली गेली तर थर कुठेतरी कमी पडलेत. केळीच्या काट्यावर ठेवून बघता येईल, तो तुमच्याकडे आहेच.

चौथी, मागची फळी. आज मोटर लावणार नसाल तरी ती मोटरसाठीच बांधून घ्या, नंतर जमत नाही. आत आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय हवं, १८-१९ मिलिमीटरचे दोन थर एकत्र. आयएस ३०३ चं प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे, इथे नको. आयएस ७१० ला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून बघतात, एवढा त्या दोघांत फरक आहे. प्लायच्या कडा फायबरने पूर्ण झाकायच्या, आणि पुढे कधी त्यात भोक पाडलं तर त्या भोकाला आतून रेझिन लावूनच बोल्ट घालायचा. होड्यांची लाकडं कुजतात ती बहुतेक अशा एखाद्या उघड्या भोकातूनच.

पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी, म्हणून तिला जास्त जागा देतो. फायबर पाण्यापेक्षा जड आहे. पाण्याने भरलेली फायबरची होडी आत फोम किंवा हवाबंद कप्पे नसतील तर बुडते. बऱ्याच स्वस्त होड्यांत ते नसतात, कारण बाकं पोकळ ठेवली की सामान ठेवायला जागा झाली असं सांगून विकता येतं. हिशोब असा: ८० किलोची फायबरची होडी पाण्याखाली गेली की तिचं वजन २५-३० किलो उरतं. एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो. १२० लिटर फोम असेल तर होडी तर तरंगतेच, शिवाय मोटर आणि कडेला धरून पाण्यात असलेली तीन-चार माणसंही ती पेलते, कारण मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचा भार काही किलोच असतो. हा फोम कुठे घालायचा तेही ठरवून सांगा. तळाला नको. बाजूच्या काठांखाली आणि बाकांखाली, जितका वर आणि जितका बाहेर तितका चांगला. तळाला घातला तर पाण्याने भरलेली होडी उलटी होते. पांढरं थर्माकोल भरू देऊ नका. पेट्रोल लागलं तर ते विरघळतं, आणि फायबरचं ओलं रेझिनसुद्धा त्याला खातं. बंद पेशींचा पॉलिथिन फोम घालायला सांगा. तो महाग वाटला तर झाकणं पक्की बंद केलेले प्लॅस्टिकचे कॅन बाकांखाली घट्ट बसवले तरी चालतात, दिसायला साधं असलं तरी काम तेच होतं.

आणि ताबा घेताना काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात, होडी बादल्यांनी पूर्ण भरा. दोघं कडेला लटका. ती सरळ राहिली आणि काठ पाण्यावर दिसला तर उरलेली रक्कम द्या. ही चाचणी बयाण्याच्या पावतीवर लिहून घ्या. चांगला कारागीर याला आनंदाने हो म्हणेल.

पैसे कुठे वाचवायचे? जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर, एकाच रंगात घ्या, पांढरा किंवा फिका, तो उन्हात कमी तापतो. पट्टे, नावं, गाद्या, रेलिंग, छत काही नको. बाकं साधी फायबरची. हे सगळं सोडलंत तर कारखानदार वर मागितलेल्या थरांसाठी आणि फोमसाठी भावात फार वाढ मागणार नाही.

उरलेल्या पैशांत सगळ्यांत आधी पाच लाइफ जॅकेट, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे. जॅकेट पाण्यात किती उचलून धरतं ते न्यूटनमध्ये मोजतात. पोहता न येणाऱ्याला ५० न्यूटनचं जॅकेट पुरत नाही, ते नुसतं आधाराला असतं. १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या, ते तोंड पाण्यावर धरतं. धाकट्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. ‹मोठं झाल्यावरही चालेल› म्हणून मोठ्या मापाचं घेऊ नका. मग वल्ह्यांच्या दोन जोड्या, पाणी उपसायला डबा, नांगर आणि ३० मीटर दोर. होडी ठेवायला तुमच्या रोपवाटिकेतलं शेडनेट दुहेरी करून मांडव घाला. होडी उलटी, जमिनीपासून वर, दोन रुंद लाकडांवर. आपल्या उन्हात एवढ्या एका सावलीने होडीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

मोटर दुसऱ्या वर्षी बघा. तोवर वल्ह्यांनी पाणी कळेल: खुंटं कुठे, गाळ कुठे, वारा किती वाजता फिरतो. तेव्हाही पेट्रोलच्या आधी विजेवरच्या ट्रोलिंग मोटरचा विचार करा. ५५ पौंड जोराने ढकलणारी मोटर (हे तिचं वजन नव्हे) पूर्ण वेगाने ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीवर, तिला अर्ध्यापेक्षा खाली न उतरवता, तासभर. हळू चालवली तर बरीच जास्त. पक्षी बघायला तुम्हाला हळूच जायचंय. बॅटरीचं वजन २५-३० किलो असतं हे मात्र माणसांच्या हिशोबात धरा.

पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा खात्याच्या धरण कार्यालयातून लेखी परवानगी घ्या आणि तिथल्या मच्छीमार संस्थेला भेटून या. त्यांची जाळी कुठे लागतात ते कळेल आणि अडचणीला पहिली धावून येणारी तीच माणसं आहेत. पावसाळ्यात होडी बाहेरच काढायची नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वर मेळघाटात किंवा बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ते उघडतात, आणि संथ वाटणाऱ्या फुगवट्याला ओढ लागते.

पुतण्याला सांगा की भाडं घेऊन लोकांना फिरवणं हे वेगळं काम आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो, चालवणाराही परवानाधारक हवा. चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे, तिथलं पाणी तुमच्या बांधाखालच्या पाण्यासारखं नाही. त्याला खरंच हा व्यवसाय करायचा असेल तर त्यासाठी बांधलेली, तपासलेली मोठी होडी त्याने वेगळ्या पैशांतून उभी करावी. घरच्या होडीत परक्या माणसाला पैसे घेऊन बसवायचं नाही.

कारखानदाराचा कराबद्दलचा जबाब आणि त्याने थरांचा लिहून दिलेला तपशील मला पाठवा. बयाणा देण्याआधी मी तो बघून देतो.